आधी गल्ला विचार

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला व्यावसायिक बॉक्सिंगचा करारनामा काल रात्री दोनदा आणि आज पहाटे एकदा वाचून काढला. चौदा पानांपैकी नऊ पाने तू काय करायचे नाही हे सांगण्यात खर्ची पडली आहेत, आणि त्या सगळ्याखाली तुझा एकच प्रश्न आहे : ‘‘सर, सहीचे तीन लाख म्हणतायत. कमी आहेत की ठीक आहेत?’’ तुझ्या डाव्या हाताच्या ठोशाबद्दल मला काही सांगायचे नाही. रेल्वेतल्या नोकरीचे काय करायचे तेही तू आणि तुझ्या घरचे ठरवाल. पण हा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो, कारण १९९७ साली लंडनमध्ये एका टेबलापाशी बसून मीही नेमका हाच विचार करत होतो आणि त्यापायी माझी उमेदीची तीन वर्षे गेली.

तीन लाख कमी की जास्त, हे कशातले तीन लाख ते कळल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. म्हणून आधी गल्ला विचार, मग वाटा विचार. तिकिटांचे किती आले, प्रक्षेपणाचे किती आले, प्रायोजकांनी किती दिले, ज्या शहराने किंवा हॉटेलने लढत आपल्याकडे व्हावी म्हणून पैसे मोजले त्याने किती मोजले, हे सगळे आधी. तुझा आकडा त्यानंतर.

तुझ्या वडिलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ते पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळले आहेत. फडावर हलगी वाजते, जोड पुकारली जाते आणि इनाम हजार माणसांसमोर जाहीर होते. वर्गणी कोणी किती दिली, मंडपाला किती लागले, शिल्लक किती राहिली, हे यात्रा कमिटी देवळाच्या फळ्यावर लिहून टाकते. पैलवानाला कमी मिळाले तर ते का कमी मिळाले हे त्याला फळ्यावर दिसते, आणि जास्त हवे असेल तर कोणाशी भांडायचे तेही कळते. व्यावसायिक बॉक्सिंगच्या धंद्यात हा फळाच काढून टाकलेला आहे. प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, वाहिनीशी वेगळा करार करतो, सभागृहाशी वेगळा, प्रायोजकांशी वेगळा आणि तुझ्याशी वेगळा. हे सगळे कागद एकत्र फक्त त्याच्या कपाटात असतात. तो हॉल घेतो, विमा काढतो, डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी करतो, लहान कार्यक्रमांत अनेकदा पदरचे पैसेही घालवतो, त्यामुळे त्याने नफा कमवू नये असे मी कधीच म्हटलेले नाही. त्याला तोटा झाला असेल तर तोही मला दाखव, एवढेच माझे म्हणणे आहे.

कपाट बंद राहिले की काय होते ते टिम विदरस्पूनच्या बाबतीत जगाने पाहिले. १९८६ च्या जुलैमध्ये हा हेवीवेट विश्वविजेता लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर फ्रँक ब्रूनोशी लढायला आला. सुमारे ४०,००० लोक बसले होते. अमेरिकेतील एचबीओ वाहिनीने त्या लढतीसाठी प्रमोटर डॉन किंग यांना १७ लाख डॉलर दिले होते. करारात विदरस्पूनचे ५ लाख डॉलर लिहिलेले होते. लढत त्यानेच जिंकली आणि हातात पडले ते सुमारे ९०,००० डॉलर. हरलेल्या ब्रूनोला ९ लाख मिळाले. विदरस्पूनचा मॅनेजर होता कार्ल किंग, म्हणजे प्रमोटरचा सावत्र मुलगा. मॅनेजरने खेळाडूच्या बाजूने प्रमोटरशी भांडायचे असते. इथे ते भांडण एकाच घरातल्या दोघांत व्हायचे होते. पुढे दावा झाला आणि सुमारे १० लाख डॉलरवर तडजोड झाली, पण तोवर त्याच्या कारकिर्दीची चांगली वर्षे निघून गेली होती.

खुद्द मुहम्मद अलीचेही असेच झाले. १९८० मध्ये लास व्हेगासला लॅरी होम्सशी झालेल्या लढतीसाठी डॉन किंग यांनीच त्याला ८० लाख डॉलर कबूल केले होते आणि प्रत्यक्षात त्यात ११ लाखांहून अधिक कमी पडले. त्याने १९८२ मध्ये दावा लावला. मग त्याच्या ओळखीच्या एका माणसाच्या हाती रोख ५०,००० डॉलर भरलेली बॅग आली, आणि तब्येतीने खचलेल्या अलीने दावा सोडल्याच्या कागदावर सही केली. माझ्या खोलीत त्याचे छायाचित्र आहे, तू पाहिले आहेस. त्या चेहऱ्याकडे पाहताना मला जितका त्याचा पदन्यास आठवतो तितकीच ती बॅगही आठवते, कारण समोर ठेवलेली रोकड बुडालेल्या लाखांपेक्षा मोठी दिसते. तुझे तीन लाख हे असेच समोर ठेवलेले पैसे आहेत.

अलीच्याच नावाने २००० साली अमेरिकेत कायदा झाला. एका लढतीची संधी देण्याच्या अटीवर पुढच्या लढतींचे हक्क लिहून घेतले, तर ते १२ महिन्यांपलीकडे चालत नाहीत. दहा किंवा अधिक फेऱ्यांच्या लढतींत प्रमोटर आणि मॅनेजर यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले चालत नाहीत. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद ही, की त्या लढतीतून आपल्याला काय मिळणार आहे आणि खेळाडूच्या मानधनातून काय काय कापले जाणार आहे, हे खेळाडूला सांगितल्याशिवाय प्रमोटरला आपला मोबदला घेता येत नाही. मी तीस वर्षे जे ओरडतो आहे ते त्यांनी कलमात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम आहे, मुदत संपल्यानंतर व्यवसाय करण्यापासून अडवणारी बंधने आपली न्यायालये सहसा मानत नाहीत; पण तुझ्या करारनाम्याच्या १३ व्या पानावर सगळे वाद दुबईत लवादापुढे न्यायचे असे लिहिले आहे. तिथे जाण्यायेण्याचा आणि वकिलाचा खर्च तीन लाखांत भागेल का, एवढा हिशेब तूच कर.

आता वाट्याकडे येऊ. अमेरिकेत नवख्या बॉक्सरला अनेकदा फेरीमागे शंभर-दोनशे डॉलर मिळतात. समज, सहा फेऱ्यांची लढत आहे आणि फेरीला २०० डॉलर आहेत, म्हणजे १,२०० डॉलर. मॅनेजरने एक तृतीयांश घेतला तर ४०० गेले. कोचचे दहा टक्के म्हणजे १२० गेले. परदेशी खेळाडूच्या मानधनातून सामान्यतः ३० टक्के कर आधीच कापून ठेवतात, ते ३६० गेले. उरले ३२० डॉलर, आपले पंचवीस-तीस हजार रुपये, आणि त्यातून डोळ्यांची व मेंदूची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, परवान्याची फी आणि दोन महिन्यांचा खुराक. किताबाची लढत असेल तर मान्यता देणारी संघटना साधारण तीन टक्के आणखी घेते. यात लबाडी कुठेच नाही, हे नीट लक्षात घे. सगळी कपात कागदोपत्री चोख असते आणि तरीही मुलगी रिकाम्या हाताने घरी येते, कारण तिने फक्त आपल्या १,२०० चा विचार केलेला असतो.

माझेही कागद चोख होते. लंडनच्या लहान सभागृहांतल्या कार्यक्रमांत घरच्या बॉक्सरने स्वतः तिकिटे विकायची असतात. त्यातून पाहुण्या प्रतिस्पर्ध्याचे मानधन भागते आणि उरलेल्यात घरच्याचे टक्के असतात. मी बहिणीकडे राहत होतो. रोज सराव संपला की खिशात तिकिटांचा गठ्ठा घेऊन हॅरो आणि वेम्बलीच्या गल्ल्यांमधून ओळखीच्या मराठी घरांची दारे वाजवायचो. एका काकूंनी मला पोहे खाऊ घातले, चार तिकिटे घेतली आणि ‘‘खूप लागतं का रे?’’ असे विचारून पाचव्या तिकिटाचे पैसे नुसतेच हातात ठेवले. पौंडाला पौंड जोडून अशी ६४ तिकिटे विकली, २० पौंडांना एक. लढत गुणांवर जिंकलो. बर्फाची पिशवी डोळ्यावर धरून बसलो असताना एकाने पांढरे पाकीट आणून दिले, त्यात ११० पौंड होते. सोबत चिठ्ठी नव्हती. मी धन्यवाद म्हटले. लोक गेल्यावर त्या रिकाम्या सभागृहात खुर्च्या मोजल्या : २२ रांगा, प्रत्येक रांगेत ३०. आकडा मनात तयार होता, समोर प्रमोटर उभा होता आणि मी त्याला विचारले नाही. पुढच्या वेळी आपल्याला घेतले नाही तर, ही एवढीच भीती. नंतर आणखी पाच लढती त्याच भीतीत लढलो.

तुला मी सांगतो ते या रात्रीमुळे सांगतो, आणि याच रात्रीमुळे मी एका पोराचे नुकसान केले असे काही जण म्हणतात. विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, २०१६ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर त्याने आशिया-पॅसिफिकचा किताब जिंकला, आणि त्या उत्साहाच्या लाटेत माझ्या एका शिष्यालाही करार आला. मी आयोजकाकडे आधीच्या तीन कार्यक्रमांचा जमाखर्च मागितला. त्याने आठवडाभर टाळाटाळ केली. मी पुन्हा मागितला. त्याने दुसऱ्या मुलाला घेतले. त्या मुलाला तीन लढती मिळाल्या. माझ्या शिष्याला एकही नाही. आज तो एका मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहे आणि माझा फोन उचलत नाही. त्याच्या आईने मला रस्त्यात थांबवून विचारले, तुमच्या तत्त्वाने आमच्या घरात काय आले? मला उत्तर देता आले नाही. पण ज्याला हिशेब दाखवायचा नव्हता त्याने चौथ्या लढतीला त्या पोराचे काय केले असते हे मला माहीत आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा जमाखर्च मागेन. इतकी वर्षे मी हे स्वतःला सांगत आलो आहे. तुला लिहिताना परत एकदा सांगून पाहिले. अजूनही तसेच वाटते.

तू म्हणशील, अमेरिकेच्या बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचे बघा. बघ, जरूर बघ, पण पुरते बघ. २००६ मध्ये त्याने साडेसात लाख डॉलर मोजून जुन्या प्रमोटरकडून स्वतःची सुटका करून घेतली. तोवर तो एकही लढत हरला नव्हता, त्यामुळे हे त्याला परवडले. त्यानंतर तो स्वतःच्या लढतींचा स्वतः भागीदार झाला, म्हणजे कपाटाची किल्ली त्याच्याकडे आली. २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी झालेल्या लढतीत तिकिटांचेच ७ कोटी २० लाख डॉलर जमले, सुमारे ४६ लाख घरांनी पैसे भरून ती पाहिली आणि वाटा ६०-४० ठरला होता. ६० टक्के मागण्यासाठी शंभर टक्के किती ते माहीत असावे लागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरून दाखवले; तिथली मुख्य लढत दोन स्त्रियांची असण्याची ती पहिलीच वेळ होती आणि दोघींचे मानधन दहा लाख डॉलरच्या वर गेले. बायकांच्या लढतींना गर्दी होत नाही, म्हणून कमी देतो, असे तुला कोणी ऐकवले तर वाद घालू नकोस. किती गर्दी झाली तो आकडा माग.

करारातल्या दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसणार आहे. सहाव्या पानावर लिहिले आहे की दुखापतीचा काळ मुदतीत धरला जाणार नाही. पाच वर्षांचा करार आहे. खांदा निखळून तू आठ महिने घरी बसलीस तर करार पाच वर्षे आठ महिन्यांचा होईल, आणि वर्षाला किमान किती लढती देणार हे कुठेच लिहिलेले नाही. म्हणजे त्यांनी तुला नुसते बसवून ठेवले तरी तू त्यांचीच. दुसरे, तुझा मॅनेजर प्रमोटरची कंपनीच नेमणार. विदरस्पूनची गोष्ट मी उगाच एवढी लांबवली नाही.

त्यांना एक पत्र लिही. इंग्रजीत मी करून देतो, सही तुझी. आधीच्या तीन कार्यक्रमांचा जमाखर्च माग, आणि तुझ्या प्रत्येक लढतीनंतर ३० दिवसांत जमेचा व कपातीचा लेखी हिशेब मिळेल असे कलम घालायला सांग. ते चिडतील, एखादा फोन करून ‘‘बेटा, इतना मत सोचो’’ असेही म्हणेल. चिडू दे. वडिलांना फोन घ्यायला लावू नकोस, तू स्वतः घे.

रविवारी सकाळी सरावानंतर ये आणि मूळ प्रत घेऊन ये. मोबाइलवरच्या फोटोंत नवव्या पानाची शेवटची ओळ कापली गेली आहे आणि ते वाक्य ‘कपात वजा जाता’ इथेच थांबते.