‘शक्ती’ विधेयकातील ‘किंवा’

प्रश्न : विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक एकमताने मंजूर केले, तेव्हा बलात्काऱ्यांना आता फाशी होणार असे आम्ही वाचले होते. तो कायदा कुठे अडला? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘होणार’ हे क्रियापद आधी तपासायला हवे. अतिगंभीर प्रकरणांत आणि पुरावा निर्णायक असल्यास जन्मठेप ‘किंवा’ मृत्युदंड, अशी ती तरतूद होती. म्हणजे न्यायालयाला फाशीची मुभा मिळणार होती, सक्ती नव्हती. हा ‘किंवा’ काही मवाळपणातून आलेला नाही. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास फाशीच, असे सांगणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, घटनाबाह्य ठरवले होते. पश्चिम बंगालने सप्टेंबर २०२४ च्या अपराजिता विधेयकात, पीडितेचा मृत्यू झाल्यास फाशीच, असे लिहून नेमका हाच धोका पत्करला.

‘किंवा’ असला की काय होते, तेही त्याच सुमारास मुंबईत दिसले. शक्ती मिलच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये तिघांना सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. त्यानंतर महिन्याभरात विधानसभेने विधेयक मंजूर केले.

डिसेंबर २०२० मध्ये मांडलेले हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले होते. आरोपी बहुधा ओळखीतला किंवा नात्यातला असतो, त्यामुळे फाशीच्या भीतीने घरचेच मुलीला तक्रार करू देणार नाहीत, हा महिला संघटनांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही २०१३ मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती. तपासाची १५ दिवसांची मुदत वाढून ३० दिवस झाली, फाशीचे कलम मात्र राहिले.

आता अडण्याविषयी. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, असल्याने केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद राज्यात लागू होण्यास संविधानाच्या अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळालीच नाही. दरम्यान १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. विधेयकाने बलात्काराच्या शिक्षेच्या ज्या कलम ३७६ मध्ये दुरुस्ती सुचवली होती ते कलमच आता राहिलेले नाही. नव्या संहितेत बलात्काराची व्याख्या कलम ६३ मध्ये आहे, आणि बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला कलम ६५(२) मध्ये फाशीची तरतूद आहे, तीही ‘किंवा’सकट.