ग्राहक आयोग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, वडील व्हीलचेअरवर. तक्रार चालवायची कशी?

तुमची अडचण मला समजली ती अशी: वडिलांना अर्धांगवायू, उजवा हात चालत नाही, बोलणं परक्याला कळत नाही. त्यांच्यासाठी घेतलेली मोटरची व्हीलचेअर दोन महिन्यांत बंद पडली आणि दुकानदार दाद देत नाही.

आधी एक सांगते, त्यांना उचलून वर नेऊ नका. मी पोलिओमुळे कुबड्यांवर चालते. माझ्या एका तारखेला दोन शिपायांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवला. वळणावर खुर्चीचा पाय वाकला, माझ्या कुबड्या तिसऱ्याच माणसाच्या हातात. वर गेल्यावर कळलं, समोरचा वकीलच आलेला नाही, पुढची तारीख. माणसं भली होती, चहाही दिला. पण याला सोय म्हणत नाहीत.

तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठलं का असेना. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार ऑनलाइन भरा आणि सोबतच दोन अर्ज जोडा.

पहिला, व्हिडिओवरून सुनावणीचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये त्याची तरतूद आहे, मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून डॉक्टरांचं पत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लावा.

दुसरा अर्ज लोक विसरतात, तो वडिलांच्या बोलण्याचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिला सोयीच्या भाषेत आणि पद्धतीने नोंदवण्यासाठी सरकारने सोयी पुरवायच्या. ‘योग्य ती मदत मिळावी’ असं गुळमुळीत लिहू नका. प्रश्न आधी लेखी द्या, अक्षरांच्या तक्त्यावर बोट ठेवून उत्तर देऊ द्या, वेळ जास्त द्या, असं सरळ मागा. तुम्ही शेजारी बसून ‘बाबांना असं म्हणायचंय’ म्हणत राहिलात, तर समोरचा वकील हरकत घेणारच. प्रतिज्ञापत्रावर डाव्या हाताचा अंगठा चालतो; ‘वाचून दाखवलं, समजलं’ हा शेरा तेवढा घ्या.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. दिव्यांगांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

लोकअदालतीत मिटवू म्हणाले तर जरूर जा, पण तडजोडीचा कागद वडिलांना ओळ न् ओळ वाचून दाखवा. घाई करतील, करू देत. त्या निवाड्यावर अपील नाही.

आणि बंद लिफ्टचं गाऱ्हाणं या तक्रारीत घुसडू नका. ते वेगळं लिहून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा, लिफ्टच्या दारावरच्या ‘बंद आहे’ पाटीचा फोटो जोडून.