वाचकांचे प्रश्न : संध्याकाळची पालेभाजी

या खेपेला टपालात पालेभाजीचेच प्रश्न जास्त आले. त्यातले बरेच सारखेच होते, म्हणून काही एकत्र करून उत्तरं दिली आहेत. मापासाठी आमटीची मध्यम वाटी आणि पोह्याचा चमचा धरावा.

वावरातून आल्यावर घाईत मेथी टाकते. भाजीला पाणी सुटतं, ती काळपट होते आणि कधी कधी खारटही. काय चुकतं? (तिवसा, जि. अमरावती)

तिन्ही गोष्टींचं मूळ जवळपास एकच. भाजी ओली असते, झाकण असतं आणि मीठ आधी पडतं.

निवडलेली मेथी पाव किलो घ्या. मोठ्या गंजात (पातेल्यात) भरपूर पाणी घेऊन भाजी बुडवा, हाताने हलवा आणि वरच्या वर उचलून घ्या. गंज उपडा करून भाजी ओतली, तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. पाणी नितळ दिसेपर्यंत असं दोनतीनदा करा. मग पंधरा मिनिटं टोपलीत निथळत ठेवा, तेवढ्यात कणीक मळून होते. चिरायची ती धुतल्यावरच. आधी चिरून धुतली की चव पाण्यासोबत जाते.

कढईत तीन चमचे तेल चांगलं तापवा. मोहरी, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या आठदहा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या. लसूण कडेने तांबूस झाला की आधी अर्धीच भाजी टाका. ती खाली बसली की उरलेली टाका. सगळी एकदम टाकली तर कढई थंड पडते आणि भाजी परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजू लागते. आच मोठी, झाकण नाही, चारपाच मिनिटं सराट्याने वरखाली करायची. चुलीवर करत असाल तर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) जाळ यासाठी फार चांगला. तो भसकन पेटतो आणि लवकर उतरतो, पालेभाजीला तेवढंच पाहिजे.

काळपटपणा झाकणामुळे येतो. पानात थोडा आंबटपणा असतो, तो वाफेसोबत निघून जायला हवा. झाकण असलं की ती वाफ थेंब होऊन परत भाजीत पडते आणि हिरवा रंग मातकट होतो. मीठ शेवटी, भाजी बसल्यावर घाला. कच्च्या ढिगाऱ्याच्या अंदाजाने मीठ पडलं की शिजून मूठभर झालेली भाजी खारट होणारच. पाव किलो पानांना पाऊण चमचा पुष्कळ झालं.

एवढं करूनही पाणी सुटलंच, तर दोन चमचे बेसन पेरा आणि तीन मिनिटं मंद आचेवर वाफ येऊ द्या. तेव्हा मात्र झाकण चालतं, कारण बेसन शिजायला वाफ लागतेच. आधीच माहीत असेल की भाजी कोवळी आणि पाणीदार आहे, तर दोन चमचे भिजवलेली मूगडाळ फोडणीतच टाका. सुटलेलं पाणी ती पिऊन घेते.

आंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ कितीही शिजवली तरी कचकच लागते. डाळच खराब असते का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

डाळीचा दोष नाही, आंबाडीसोबत शिजवण्याचा आहे. आंबट पाण्यात डाळ मऊ होतच नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असलं तर त्यात आणखी भर पडते. म्हणून डाळ आणि भाजी आधी वेगवेगळी शिजवायची, एकत्र करायची ती नंतर.

अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि मूठभर शेंगदाणे धुऊन तीन वाट्या पाण्यात कुकरला लावा, चार शिट्ट्या. तोवर दुसऱ्या चुलीवर आंबाडीची पाव किलो पानं पाण्यात सातआठ मिनिटं उकळा. देठ घेऊ नका, त्यांना रेषा असतात. पानं पिळून पाणी फेकून द्या. आंबट आवडत असेल तर वाटीभर पाणी राखून ठेवा, पण सगळं वापरलं तर दात आंबतात. पिळलेली भाजी शिजलेल्या डाळीत घोटा, मीठ-हळद घाला आणि पाच मिनिटं रटरटू द्या. कण्या तळाला लागतात, म्हणून ढवळत राहा. वरून चार चमचे तेलात मोहरी, बारा पाकळ्या लसूण आणि चार सुक्या लाल मिरच्यांची फोडणी. लसूण चांगला लाल झाल्याशिवाय या भाजीला चव येत नाही. जवसाचं तेल वापरायचं असेल तर ते कच्चंच, ताटात वरून घ्या. फोडणीला तापवलं की कडवट होतं.

ही भाजी लोखंडी कढईत करू नये. काळी पडते आणि लोखंडाची चव लागते. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यातही नको. स्टीलचा गंज किंवा मातीचं मडकं बरं.

कुकरमध्येच डाळ आणि पालक एकत्र लावला तर चालेल का? डाळभाजी पटकन व्हावी म्हणून. (उमरेड, जि. नागपूर)

चालेल, पण पालकाचा चोथा होतो. पाच मिनिटं वाचतात आणि चव जाते. कुकरला फक्त अर्धी वाटी तूरडाळ, दोन चमचे हरभरा डाळ आणि दोन चमचे दाणे लावा. हरभरा डाळ अर्धा तास भिजलेली हवी. फोडणीत लसूण, मिरची, एक टमाटर आणि चिरलेला पालक तीन मिनिटं परता, मग डाळ ओता. एक चमचा बेसन पाव वाटी गार पाण्यात कालवून घाला, कोरडं घातलं की गुठळ्या होतात. बेसन घातल्यावर पाच मिनिटं उकळी हवीच, नाहीतर कच्चा वास राहतो. चुका (आंबट पालेभाजी) घालणार असाल तर तोही पालकासोबत फोडणीतच, कुकरमध्ये नाही. कारण वरच्या उत्तरात आलंच आहे.

हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा?

नको. रंग टिकतो, पण पानं बुळबुळीत होतात आणि जीवनसत्त्वंही जातात.

चिवळ कितीही धुतली तरी रेती लागते.

चिवळ जमिनीसरपट वाढते, रेती तिच्या सांध्यांत अडकते. मुळं कापून टाका, बारीक काड्या मोकळ्या करा, दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि मग मेथीसारखी उचलून धुवा, निदान चारदा. घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर चिवळ, घोळ आणि पालक डॉक्टरांना विचारूनच.

वाळवलेली हरभऱ्याची भाजी पातळ कशी करावी? आमची कडक राहते. (मूर्तिजापूर, जि. अकोला)

हातावर चोळून चाळणीतून काढा, काड्या राहतात त्यानेच कडक लागते. वाटीभर चुऱ्याला तीन वाट्या पाणी. लसूण-लाल मिरचीच्या फोडणीत पाणी उकळवा, चुरा टाका, दहा मिनिटं शिजू द्या, मग दोन चमचे बेसन आणि एक चमचा ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावा. भाजी मुळातच आंबट-खारट असते, मीठ चाखूनच घाला. पुढच्या वर्षी वाळवाल तेव्हा शेंडे न धुता वाळवा, धुतल्याने वरची आंब निघून जाते. अर्थात फवारणी नसलेल्या हरभऱ्याचेच.

कपाशीत तांदुळजा आणि घोळ भरपूर उगवते. फवारणीनंतर मिठाच्या पाण्यात धुऊन खाल्ली तर? (आर्वी, जि. वर्धा)

खाऊ नका. आजची बरीच औषधं पानाच्या आत शिरतात, धुऊन निघत नाहीत, मीठ घाला की हळद. डब्यावर दिवस लिहिलेले असतात ते मुख्य पिकासाठी, खाली उगवलेल्या भाजीसाठी नव्हे. तणनाशक मारलेलं तर आणखी फसवं, कारण पान पिवळं पडायला काही दिवस लागतात आणि तोवर ते ताजंच दिसतं. विहिरीजवळ, कपाशीपासून लांब एक वाफा घरापुरता ठेवा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते. दर दहा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर जूनही होत नाही.