आधी स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून बघ

पेट्रोल इंजिनचे चार स्ट्रोक (पिस्टनच्या चार खेपा) तोंडपाठ झालेत ना? सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. क्रँकचे (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचे) २ फेरे, ठिणगी एकदाच. पुरे. आता प्लगकडे वळ.

इंजिन पूर्ण गार होऊ दे. गरम ॲल्युमिनियम हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या झाकणातून) प्लग काढताना आटे खराब होतात. मी एकदा घाई केली आणि हेड उतरवावं लागलं. प्लगचं टोक उजेडात धर. फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर, तेलकट काळं दिसलं तर ऑइल वर चढतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघ. पांढराफटक असेल तर जपून, कारण मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आहे किंवा टोक जास्त तापतंय. (पूर्ण जळायला १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते.)

आणि हो, ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधीच पडते, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. ‘स्फोट’ म्हणू नकोस रे, ते जळणंच असतं. खरा स्फोट झाला की खटखट ऐकू येते, तिलाच नॉकिंग म्हणतात. प्लगची गॅप (ठिणगी पडते ती फट) मात्र अंदाजाने ठेवू नकोस, मॅन्युअलमधला आकडा बघून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोज.