कोड न बदलता पायथॉनचा वेग वाढवायला पायपाय वापरावं का?

तुमची स्क्रिप्ट लॉगच्या फायली ओळीओळीने वाचून मोजणी करते, तासभर चालते, आणि कोडला हात न लावता ती पळवायची आहे. कोड शुद्ध पायथॉनमध्ये असेल तर पायपायवर, म्हणजे पायथॉनचा कोड चालवणाऱ्या एका वेगळ्या प्रोग्रामवर, जरूर चालवून बघा. अशा लांबलचक लूपमध्ये कित्येक पटींचा फरक पडू शकतो.

सीपायथॉन, म्हणजे आपण नेहमी वापरतो ते पायथॉन, बाइटकोडमधली (कोडच्या मधल्या रूपातली) एकेक सूचना वाचून चालवतं. साध्या बेरजेतही समोर पूर्णांक आलाय की स्ट्रिंग, ही तपासणी फेरीगणिक होते. पायपाय वारंवार चालणारा लूप हेरतं, त्यात प्रत्यक्षात कोणत्या प्रकारची मूल्यं येतात ते टिपतं आणि तेवढ्यासाठी थेट मशीन कोड बनवतं. या तयारीला वेळ लागतो, म्हणून क्षणात संपणाऱ्या स्क्रिप्टला त्याचा उपयोग नाही.

घोडं अडतं ते सी एक्स्टेंशनपाशी, म्हणजे सी भाषेत लिहून पायथॉनला जोडलेल्या भागांपाशी. नमपाय, पांडास या आकडेमोडीच्या लायब्ररींचं सी कोडशी असलेलं नातं सीपायथॉनच्या रेफरन्स काउंटवर (एखादी वस्तू किती ठिकाणांहून वापरात आहे त्या मोजणीवर) बेतलेलं आहे. पायपायमध्ये रेफरन्स काउंटच नाही; या लायब्ररींसाठी त्याला तसं सोंग आणावं लागतं आणि त्याचा भुर्दंड दर कॉलला पडतो. तुमचा वेळ पांडासमध्ये जात असेल तर पायपायच्या वाटेला जाऊ नका.

जावावर चालणारं जायथॉन सुचवणारे भेटतील, पण ते अजून पायथॉनच्या जुन्या २.७ आवृत्तीवरच आहे. सीपायथॉनशी जुळवून घेत वेग आणणंही सोपं नव्हतं. गूगलमधल्या अभियंत्यांनी २००९ मध्ये पाचपट वेगाचं लक्ष्य ठेवून 'अनलेडन स्वॅलो' हा प्रकल्प सुरू केला, तो अर्ध्यातच थांबला. ड्रॉपबॉक्सने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या पिस्टन या तशाच प्रकल्पातून २०१७ मध्ये अंग काढून घेतलं. म्हणूनच सीपायथॉनच्या २०२२ मधल्या ३.११ आवृत्तीचं मला फार कौतुक वाटतं. वारंवार चालणाऱ्या सूचना ती समोर येणाऱ्या प्रकारांनुसार बदलून घेते, आणि ३.१० पेक्षा सरासरी सुमारे २५ टक्के वेगाने चालते. तुम्ही अजून ३.८ किंवा ३.९ वर असाल तर आधी आवृत्ती बदला, मग पायपायचं बघा.

पायपायवर जाताना दोन गोष्टी तपासा. लूपमध्ये स्ट्रिंगला तुकडे जोडत जाणं सीपायथॉनमध्ये बहुतेकदा खपून जातं, पायपायमध्ये ते भयंकर मंदावतं. तुकडे लिस्टमध्ये गोळा करून शेवटी जॉइन करा. आणि फायली विथ वापरूनच उघडा, कारण व्हेरिएबल संपल्याबरोबर फाइल आपोआप बंद होईल याची तिथे खात्री नाही. तुम्ही शेकडो लॉग उघडत असाल, तर उघड्या फायलींची मर्यादा ओलांडून स्क्रिप्ट मध्येच कोसळू शकते.