सार्वमत, जनमत की कौल?

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने देशातून फुटून निघावे का, यावर 'रेफरेंडम' घेण्याचा वाद चालू आहे. त्यात प्रांताचे न्यायमंत्री मिकी एमरी यांच्या भूमिकेवर मराठीत लिहिताना 'रेफरेंडम'ला सार्वमत म्हणावे, जनमत, जनमत चाचणी की कौल?

सार्वमत. जनमत मतदान न होताही असते आणि बदलत राहते. जनमत चाचणी म्हणजे थोड्या लोकांना विचारून बांधलेला अंदाज. सार्वमतात प्रत्येक मतदाराला ठरावीक प्रश्नावर मत देण्याचा हक्क असतो. म्हणूनच जुनागढ (१९४८), सिक्कीम (१९७५) आणि ब्रेक्झिट (२०१६) यांना आपण सार्वमतच म्हणतो.

गोंधळाला गोव्याचाही हातभार आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावर तिथे मतदान झाले. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. कायद्यात शब्द होता 'ओपिनियन पोल'. नाव चाचणीचे, काम सार्वमताचे! मराठीत त्याला 'जनमत कौल' म्हटले गेले, आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो. अरबीतल्या मूळ 'कौल'चा अर्थ बोल, वचन. आपल्याकडे कौलनामा म्हणजे राज्यकर्त्याने रयतेला दिलेले लेखी अभय. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा उजवा-डावा जो येईल तो मानायचाच असतो. कौल म्हटला की तो पाळणे आलेच.

म्हणूनच अल्बर्टाबाबत हा शब्द मी टाळीन. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेक या दुसऱ्या प्रांताच्या संदर्भात सांगितले आहे की प्रांताला एकतर्फी फुटून निघता येत नाही. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर वाटाघाटी करण्याचे बंधन येते. म्हणजे सार्वमताने बोलणी सुरू होतील, फैसला होणार नाही.

आता न्यायालयाचा भाग. जुलै २०२५ मध्ये प्रांताच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी स्वातंत्र्याचा प्रस्तावित प्रश्न घटनेत बसतो का, हे न्यायालयाला विचारले. इंग्रजीत याला 'रेफरन्स' म्हणतात, पण इथे 'संदर्भ पाठवला' असे लिहू नका, 'मत मागवले' म्हणा. हे एमरींना पटले नव्हते. ५ डिसेंबरला न्यायमूर्ती कॉलिन फीझबी यांनी तो प्रश्न घटनाविरोधी ठरवला. मात्र आदल्याच दिवशी एमरींनी विधेयक १४ मांडले होते आणि नागरिकांनी सुचवलेला सार्वमताचा प्रश्न घटनेत बसलाच पाहिजे, ही अट त्यात काढलेली होती. त्यामुळे 'निकाल धुडकावून विधेयक आणले' हे वाक्य चूक ठरेल. 'निकालाच्या तोंडावर आणले' हे बरोबर. ती अट राहायला हवी होती असे माझे ठाम मत आहे. फर्स्ट नेशन्सचे, म्हणजे कॅनडातल्या मूळ रहिवाशांचे, करार राजसत्तेशी झालेले आहेत आणि अल्बर्टा प्रांत झाला १९०५ मध्ये, त्या करारांनंतर. त्या लोकांचे हक्क इतरांच्या बहुमतावर सोडता येत नाहीत.

'फेडरल'साठी वर्तमानपत्री बातमीत 'केंद्र सरकार' चालेल. अधिकारांच्या वाटणीबद्दल लिहीत असाल तर 'संघीय' घ्या. आणि फीझबींना 'प्रांताने नेमलेले न्यायाधीश' म्हणू नका. १८६७ च्या घटनाकायद्यानुसार न्यायालयांचा कारभार प्रांत पाहतो, पण ते ज्या किंग्ज बेंच न्यायालयात बसतात, तिथल्या न्यायाधीशांची नेमणूक ओटावाहून, म्हणजे केंद्राकडून होते.