तेलातली लाल रेघ, 28 फेब्रुवारी आणि तबल्याची शाई

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कामाविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आमच्या मुलांनी काचेच्या पेल्यात ऑलिव्ह तेल घेऊन त्यातून हिरवा लेझर सोडला. तेलात रेघ नारिंगी-लाल दिसली, म्हणून ‘रामन परिणाम’ असा फलक लावला. परीक्षकांनी तो चूक ठरवला, कारण मात्र सांगितलं नाही. चूक कुठे झाली?
— एक विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

परीक्षकांचं बरोबर होतं, पण त्यांनी कारण सांगायला हवं होतं. कारण नेमकी हीच शंका रामन यांच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं घोळत होती.

तेलात दिसते ती प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स). ऑलिव्ह तेलात हरितद्रव्य उरलेलं असतं. ते हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि 670 नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश बाहेर टाकतं. रामन परिणामात शोषण होत नाही. प्रकाश रेणूवर आदळून विखुरताना थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनाला देतो आणि उरलेली घेऊन निघतो. हा प्रकाश इतका क्षीण असतो की कोटीभर प्रकाशकणांमागे एखादाच असा सापडतो. पेल्यात लांबून ठळक दिसणारी रेघ रामन परिणामाची असूच शकत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची सर्वांत भक्कम कसोटी म्हणजे लेझरचा रंग बदलून पाहणं. हिरव्या 532 नॅनोमीटरच्या लेझरऐवजी जांभळा, 405 नॅनोमीटरचा घ्या. हरितद्रव्याची प्रतिदीप्ती तिथेच, लाल भागात राहील, कारण ती त्या रेणूची स्वतःची खूण आहे. रामन प्रकाश मात्र लेझरच्या मागोमाग सरकतो, कारण त्यात ऊर्जेची वजाबाकी ठरलेली असते. इथेनॉलमधल्या कार्बन-हायड्रोजन बंधाच्या कंपनासाठी ही वजाबाकी दर सेंटिमीटरला सुमारे 2930 तरंग इतकी भरते. त्यामुळे हिरव्या लेझरने त्याची रेषा 630 नॅनोमीटरला, म्हणजे नारिंगी-लाल भागात येते, तर जांभळ्या लेझरने तीच रेषा 460 नॅनोमीटरला, चक्क निळ्यात. फळ्यावर गणित करताना तरंगलांबीतून थेट वजाबाकी करू नका. मुलांची नेहमी तिथेच गफलत होते. आधी एक कोटीला नॅनोमीटरने भागा (532 साठी 18797 येतात), त्यातून 2930 वजा करा आणि जे उरेल त्याने पुन्हा एक कोटीला भागा.

दुसरी कसोटी ध्रुवीकरणाची. लेझर ध्रुवित असेल, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत कंपत असतील, तर पातळ द्रवातल्या बऱ्याच रामन रेषाही ठळकपणे ध्रुवित असतात. पोलरॉइडची काच डोळ्यासमोर फिरवली की त्या उजळतात आणि मंदावतात. प्रतिदीप्तीत असा फरक फार थोडा पडतो.

पुढच्या वर्षी प्रयोग जरूर ठेवा, फक्त फलक बदला: ‘ही प्रतिदीप्ती आहे, रामन परिणाम हा नव्हे, कारण…’ जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याची पेटी यांचा स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं साधन) करा. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद हवी, ब्लेडच्या दोन पात्यांची केली तर उत्तम. खोली पूर्ण अंधारी हवी. तेलाकडे पाहिलं तर लेझरची बारीक हिरवी रेषा आणि बरीच दूर एक रुंद लाल पट्टा दिसेल. मग शेजारी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेच्या बाटलीत ठेवा. त्यात फक्त अंधूक हिरवी रेघ दिसेल. त्यातला रामन प्रकाश साध्या पॉइंटरने नुसत्या डोळ्यांना दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. अल्कोहोलमध्येही लाल झाक आली, तर आधी बाटली आणि लेबल तपासा. प्लास्टिक आणि लेबलवरची शाई दोन्ही चमकतात.

एक सावधगिरी बाळगाच. स्वस्त हिरव्या पॉइंटरची खरी शक्ती लेबलवरच्या आकड्यापेक्षा पुष्कळदा जास्त असते आणि त्यातून न दिसणारा अवरक्त प्रकाशही निसटतो. झोत मुलांच्या डोळ्यांच्या पातळीखाली, स्टँडला घट्ट बांधलेला ठेवा, समोर चमक नसलेला काळा पुठ्ठा लावा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, त्यामुळे मेणबत्ती किंवा बर्नर त्या टेबलावर नको.

मग हीच शंका रामन यांनी कशी फेडली? आणि 28 फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस का?
— पदवीचा विद्यार्थी, नाशिक

जन्मदिवस नव्हे. ते जन्मले 7 नोव्हेंबर 1888 रोजी, तिरुचिरापल्लीला. 28 फेब्रुवारी 1928 हा शोधाचा दिवस आहे आणि 1987 पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात.

कलकत्त्याच्या बहूबाजार स्ट्रीटवर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. अर्थखात्यातली नोकरी सांभाळून रामन 1907 पासून तिथे संशोधन करत. 1917 मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. 1921 च्या समुद्रप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना विखुरणाऱ्या प्रकाशाच्या मागे लावलं. 1923 मध्ये त्यांचे विद्यार्थी रामनाथन यांना पाणी आणि अल्कोहोल यांत विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाचा अगदी पुसट अंश दिसला. त्यांनी त्याला ‘क्षीण प्रतिदीप्ती’ म्हटलं. वरच्या पत्रातल्या साताऱ्याच्या मुलांना वाटलं त्याच्या बरोबर उलट चूक! अशुद्धीमुळे असेल, असं धरून द्रवाचं पुन्हा पुन्हा निर्वात ऊर्ध्वपातन केलं. अशुद्धी असती तर प्रकाश घटत गेला असता. तो घटेना. पुढे रामन यांचे सहकारी वेंकटेश्वरन यांना अतिशुद्ध ग्लिसरिनमध्ये विखुरलेला सूर्यप्रकाश नेहमीसारखा निळा न दिसता झगझगीत हिरवा दिसला, तोही ठळकपणे ध्रुवित. प्रतिदीप्ती अशी वागत नाही. शंका तिथे मिटत आली.

निर्णायक मांडणी शाळेत समजावून सांगता येईल इतकी सरळ होती. दोन पूरक रंगांच्या काचा घ्यायच्या, एक निळा-जांभळाच सोडणारी, दुसरी पिवळा-हिरवाच सोडणारी. दोन्ही एकापाठोपाठ झोताच्या वाटेत ठेवल्या तर पलीकडे अंधार. आता दुसरी काच उचलून द्रव आणि डोळा यांच्यामध्ये धरायची. रंग बदलत नसेल तर इथेही अंधारच हवा. पण झोताची वाट उजळलेली दिसली. म्हणजे द्रवाच्या आत निळ्या-जांभळ्यातून नवा रंग निघाला होता. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी साठेक द्रवांत हे पडताळलं. 28 तारखेला तोच प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला तेव्हा नवा भाग मूळ रंगापासून काळ्या पट्ट्याने वेगळा झालेला दिसला.

शाळेत हे करताना जिलेटिनचे रंगीत कागद वापरले तर फसगत होते. बहुतेक रंगीत कागदांतून गडद लाल प्रकाश झिरपतो, त्यामुळे दोन कागद एकमेकांवर ठेवूनही पूर्ण अंधार होत नाही. आधी तेवढी खात्री करून घ्या.

“दोनशे रुपयांच्या उपकरणावर नोबेल मिळालं” हे कितपत खरं?
— निवृत्त अभियंता, पुणे

आकड्यापेक्षा उपकरणात काय होतं ते पाहणं मोलाचं. सूर्यप्रकाश फुकट होता, पण तो एकवटायला 18 सेंटिमीटर व्यासाचं आणि 230 सेंटिमीटर नाभीय अंतराचं दुर्बिणीचं भिंग होतं आणि त्यामागे दुसरं छोटं भिंग. असं भिंग त्या काळी सहज मिळत नसे, संस्थेकडे ते आधीपासून होतं. पुढे वर्णपटाचे फोटो घेण्यासाठी पाऱ्याचा दिवा आणि लहान क्वार्ट्झ स्पेक्ट्रोग्राफ आला. खरी गुंतवणूक होती ती द्रव शुद्ध करण्यातल्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीची. ‘स्वस्तात झालं’ एवढंच सांगितलं की ती मेहनत झाकली जाते, आणि ते आम्हाला पटत नाही.

कृष्णन यांचं नावही इथे घ्यायलाच हवं. 31 मार्च 1928 च्या ‘नेचर’मधल्या पत्रावर दोघांच्या सह्या आहेत. मॉस्कोत लान्ड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही फेब्रुवारी 1928 मध्येच क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला होता, पण त्यांचं लिखाण नंतर छापून आलं. 1930 चं नोबेल रामन यांना एकट्यांना मिळालं.

हिरा खरा आहे का हे रामन यंत्राने कळतं असं ऐकलं. प्रयोगशाळेत बनवलेला हिराही ओळखता येतो का?
— दागिन्यांचे व्यापारी, मुंबई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. हिऱ्याची 1332 (दर सेंटिमीटरला तरंग) ही एकच ठळक, सुईसारखी रेषा असते. हिऱ्यासारखे दिसणारे मॉइसनाइट आणि झिर्कोनिया यांच्या रेषा वेगळ्या जागी येतात, दागिन्यातून खडा न काढताही फरक काही सेकंदांत कळतो. पण प्रयोगशाळेतला हिरा हाही कार्बनचा हिराच. त्याचीही रेषा 1332 लाच येते. नैसर्गिक की कृत्रिम हे नुसत्या या रेषेवरून सांगता येत नाही, त्यासाठी खड्यातल्या दोषांच्या प्रतिदीप्तीचा आणि अवरक्त शोषणाचा वेगळा तपास लागतो. विक्रेता फक्त 1332 दाखवून ‘नैसर्गिक’ म्हणत असेल तर थांबा.

औषध कारखान्यांत हेच तंत्र कच्चा माल पिशवी न फोडता तपासायला वापरतात. तिथे बहुधा 785 नॅनोमीटरचा लेझर असतो, कारण त्याने प्रतिदीप्ती कमी उठते. काळा नमुना मात्र लेझरने तापून जळू शकतो. साखर छान ओळखू येते, साधं मीठ जवळपास मुकं राहतं, कारण त्याच्या स्फटिकाच्या सममितीमुळे पहिल्या क्रमाची रामन रेषा उमटतच नाही.

रामन यांनी तबल्यावर काम केलं होतं म्हणतात. शाईचा उपयोग नक्की काय?
— तबल्याचे विद्यार्थी, मिरज

नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्याचे स्वर 1, 1.59, 2.14, 2.30 अशा आडमुठ्या पटींत येतात, म्हणून ढोलाला पक्का स्वर लागत नाही. रामन यांनी 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये लिहिलं की मधोमध जाड आणि कडेला पातळ होत जाणाऱ्या शाईच्या (तबल्यावरच्या काळ्या गोल थराच्या) वजनामुळे हे स्वर एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा रांगेत येतात. कंपनाचे पहिले नऊ प्रकार या पाच स्वरांत गोळा होतात: पहिल्या दोन स्वरांत एकेक, पुढच्या दोनांत दोन-दोन आणि पाचव्यात तीन. पुडीवर (तबल्याच्या वरच्या कातड्यावर) बारीक वाळू टाकून त्यांनी या आकृत्या दाखवल्या.

‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकते. त्या बोटाने मूळ स्वर दबतो आणि वरचे मोकळे राहतात. बोट उचलून मध्ये ‘तूं’ वाजवा, मूळ स्वर ऐकू येतो. बोट जड पडलं की वरचे स्वरही मरतात आणि ‘ना’ बसका येतो.

वाळूचा प्रयोग जुन्या पुडीवर करा, कारण वाळूने शाई झिजते. तबला सपाट ठेवा, मोबाइलला जोडलेला छोटा स्पीकर पुडीच्या चार-पाच सेंटिमीटर वर धरा आणि एकच स्वर देणाऱ्या अ‍ॅपने वारंवारता अगदी सावकाश चढवा. कोरडी, चाळलेली वाळू चिमूटभरच टाका. जिथे कातडं हलत नाही त्या रेषांवर ती गोळा होईल. पीठ किंवा पावडर वापरू नका. इतकी बारीक भुकटी हवेच्या झुळकेबरोबर वाहून उलट सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी साठते आणि आकृती उलटी उमटते. आकृती एका बाजूला कललेली आली तर पुडी सगळीकडे सारखी ताणलेली नाही. त्या बाजूचा गट्टा (ताण देणारा लाकडी ठोकळा) आणि गजरा (पुडीच्या कडेची कातड्याची वेणी) पाहून घ्या.

तुमच्या गावात तंबोरेही बनतात, म्हणून एवढं जोडतो. तार छेडताना जिथे बोट लागतं तिथे निस्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) असलेले अधिस्वर (मूळ स्वराच्या वरचे स्वर) उठू नयेत, असा नियम आहे. बरोबर मध्यावर छेडलं तर दुप्पट, चौपट स्वर गायब हवेत. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं की वीणा आणि तंबोरा यांच्या रुंद, वक्र घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) हा नियम मोडतो आणि ते स्वर जोरात येतात. जवारी ती हीच. घोडीवर तारेखाली घातलेला दोरा एकेक केसाएवढा सरकवत तारेचा स्वर खुलेपर्यंत थांबा. दोरा कुठेही ठेवला तरी स्वर खुलत नसेल, तर घोडीवर तारेची चीर पडली आहे का ते भिंगातून बघा आणि जवारी नव्याने काढून घ्या.